नॉर्मन राजघराण्याची वंशावळ कशी काढावी: एका निवृत्त तलाठ्याची पद्धत

एकतीस वर्षं तलाठी म्हणून काढली. वारस नोंदीला वंशावळ लागते, जातीच्या दाखल्याला लागते, धरणात जमीन गेली की मोबदल्यालाही लागते. त्यामुळे कागदावर मयत वर आणि हयात खाली अशी झाडं काढण्यात माझी हयात गेली. पण इंग्लंडच्या राजांची वंशावळ काढायची वेळ येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

मुलगी रेडिंगला राहते. नातू तिथल्या सातवीत आहे आणि तिथे त्या वर्षी नॉर्मन लोकांचा इतिहास शिकवतात. शाळेने घराण्याचा वंशवृक्ष काढून आणायला सांगितला, तेव्हा पठ्ठ्याने इंटरनेटवरून एक तयार चित्र छापून आणलं. चौकोनांचं जाळं, चार ठिकाणी ‘मटिल्डा’, चार ठिकाणी ‘विल्यम’. मी विचारलं, ‘हा स्टीफन मध्येच राजा कसा झाला रे?’ तो म्हणाला, ‘तो मटिल्डाचा कझिन होता.’ ‘कझिन म्हणजे कोण? आत्याचा, मामाचा, मावशीचा का चुलत्याचा?’ तो म्हणाला, ‘आजोबा, कझिन म्हणजे कझिन.’

मी ते चित्र बाजूला ठेवलं आणि त्याला कोरा चार्ट पेपर आणायला सांगितलं. पुढचे तीन रविवार आम्ही जे केलं ते इथे लिहितो आहे. इतिहास शिकणाऱ्या कुणालाही, किंवा परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना शिकवणाऱ्या आजी-आजोबांना, ह्याच पद्धतीने हे काम करता येईल.

कागद आडवा धरा. पट्टीने नऊ आडव्या रेघा पुसट मारा. एका रेघेवर एक पिढी. सगळं काम पेन्सिलीने. निळा पेन इंग्लंडसाठी आणि लाल पेन नॉर्मंडीसाठी, म्हणजे हे घराणं जिथलं त्या फ्रान्समधल्या मुलखासाठी, पण त्यांची टोपणं शेवटपर्यंत उघडायची नाहीत. खाडाखोड होणारच आहे.

सुरुवात वरून, म्हणजे मूळ पुरुषापासून करू नका. वारस नोंद करताना आम्ही ज्याच्या नावे खातं आहे तिथून सुरू करतो आणि मग वर-खाली जातो. इथे ते खातं विल्यमचं. १०६६ साली हेस्टिंग्जची लढाई जिंकून तो इंग्लंडचा राजा झाला. त्याला सहाव्या रेघेवर मधोमध बसवा. वर पाच पिढ्या राहतात, खाली तीन.

वर जाणं सोपं आहे. आमच्या जुन्या दप्तरात बापाचं नाव जोडायला ‘बिन’ लिहायचे आणि नवऱ्याचं जोडायला ‘कोम’. धोंडी बिन सखाराम, सखूबाई कोम धोंडी. तोच कित्ता इथे गिरवा. विल्यम बिन रॉबर्ट बिन रिचर्ड बिन रिचर्ड बिन विल्यम बिन रोलो. हे दोनदा मोठ्याने म्हटलं की पाठ होतं. नातवाला हे फार आवडलं, कारण नॉर्मन लोकांचंही असंच होतं. त्यांच्याकडे ‘फिट्झ’ म्हणत. ‘फिट्झ’ म्हणजे मुलगा. इंग्लंडमध्ये आजही फिट्झजेराल्ड, फिट्झविल्यम अशी आडनावं आहेत, ती सगळी ह्या ‘बिन’चीच पोरं.

रोलो हा उत्तरेकडून आलेला लुटारू सरदार. ९११ साली फ्रान्सचा राजा चार्ल्स ह्याने सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख त्याला तोडून दिला आणि बदल्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. नॉर्मन म्हणजे उत्तरेकडची माणसं, त्यांची ती नॉर्मंडी. रोलोच्या वर जाऊ नका. त्याच्या बापाबद्दल डेन्मार्कवाले एक सांगतात, नॉर्वेवाले दुसरं. पुरावा नसेल तिथे रेघ थांबवावी.

दुसऱ्या रेघेवरचा विल्यम ‘लांब तलवारवाला’ ९४२ मध्ये बोलणी करायला गेला असताना दग्याने मारला गेला. तिसऱ्या रेघेवर पहिला रिचर्ड; तो तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता आणि नंतर ९९६ पर्यंत टिकला. चौथ्यावर दुसरा रिचर्ड. पाचव्यावर दोन भाऊ, तिसरा रिचर्ड आणि रॉबर्ट. तिसरा रिचर्ड वर्षभरात गेला आणि १०२७ मध्ये रॉबर्टला गादी मिळाली. इथपर्यंत एका संध्याकाळचं काम.

आता पहिली चूक, जी जवळजवळ सगळे करतात. चौथ्या रेघेवर दुसऱ्या रिचर्डच्या शेजारी त्याची बहीण एमा लिहायची राहून जाते.

ह्याबाबतीत माझे स्वतःचे हात पोळलेले आहेत. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका गावात वारस नोंद करताना मयताच्या दोन लग्न झालेल्या मुली मी वंशावळीत दाखवल्या नाहीत. भाऊ म्हणाले, ‘त्यांना काही नको, त्या सासरी सुखात आहेत.’ मी मान डोलावली. शिवाय त्या घरात आजोबा आणि नातू एकाच नावाचे होते. मी दोघांचा एकच माणूस करून एक पिढीच गिळून टाकली. महिन्याभरात थोरल्या मुलीची हरकत आली, मंडल अधिकाऱ्यांनी फेरफार रद्द केला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, ‘भाऊसाहेब, लेक सासरी गेली म्हणून मेली का?’ तेव्हापासून मुली आधी लिहितो, मुलगे नंतर.

तर एमा. १००२ मध्ये तिचं लग्न इंग्लंडच्या एथेलरेड राजाशी झालं. त्यांचा मुलगा एडवर्ड. एथेलरेड मेल्यावर डेन राजा क्नूट ह्याने इंग्लंड घेतलं आणि १०१७ मध्ये एमाशी लग्नही केलं. त्यांचा मुलगा हार्थाक्नूट. म्हणजे एकाच बाईचे दोन नवरे इंग्लंडचे राजे आणि दोन मुलगेही इंग्लंडचे राजे. एडवर्डचं तरुणपण आजोळी, नॉर्मंडीत गेलं. पुढे तो राजा झाला, त्याला मूल झालं नाही आणि जानेवारी १०६६ मध्ये तो वारला. विल्यम म्हणाला, राज्य मला द्यायचं त्याने कबूल केलं होतं.

आता हे नातं मराठीत म्हणा. एमा ही विल्यमच्या आजोबांची बहीण. एडवर्ड हा विल्यमच्या बापाचा आतेभाऊ. एवढं उच्चारलं की एक गोष्ट आपोआप दिसते: विल्यमच्या अंगात इंग्लंडच्या राजांचं रक्त थेंबभरही नव्हतं. नातं होतं ते एडवर्डच्या आईकडचं. आतेभावाच्या बापाची मिळकत मामाच्या नातवाला मिळत नाही, हे आमच्या गावातलं पोरही सांगेल. म्हणून त्याला शपथा, वचनं आणि पोपचा आशीर्वाद गोळा करावा लागला, आणि शेवटी जहाजं बांधावी लागली.

गंमत म्हणजे त्याच्या बायकोत ते रक्त होतं. फ्लँडर्सची मटिल्डा ही इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या मुलीच्या वंशातली. पण त्यावरून कुणी दावा सांगितला नाही.

विल्यमची आई

ही जागा नीट करा, कारण इथे तीन प्रकारच्या रेघा लागतात. माझी खूण अशी: लग्न झालं असेल तर दुहेरी रेघ, औरस मुलाला सरळ एकेरी रेघ, अनौरस मुलाला तुटक रेघ. वरच्या पिढ्यांत रोलोच्या घरात ‘डेन रिवाजाचं’ लग्न चालायचं. चर्चचा विधी नाही, पण बाई घरातली, मुलं बापाची. आमच्या जुन्या कागदांत ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ असा भेद असे, तसं म्हणावं तर तेही तंतोतंत जुळत नाही. ह्या बायकांसाठी मी एक सरळ आणि एक तुटक अशी जोडरेघ मारली.

विल्यमच्या आईचं नाव हर्लेवा, गाव फालेझ. तिचा बाप कातडी कमावणारा होता असं सांगतात. रॉबर्टने तिच्याशी लग्न केलं नाही, त्यामुळे विल्यमला तुटक रेघ. रॉबर्ट जेरुसलेमच्या यात्रेला निघाला तेव्हा ह्या सात-आठ वर्षांच्या पोराला वारस ठरवून गेला आणि १०३५ मध्ये परत येताना वाटेत मेला. सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे पालनकर्त्याचं नाव घालतात. इथे पालनकर्तेच एकामागून एक मारले गेले. ऑस्बर्न नावाच्या कारभाऱ्याला तर मुलाच्या निजायच्या खोलीत कापलं.

हर्लेवाचं पुढे हर्लुइन नावाच्या एका सरदाराशी रीतसर लग्न झालं. त्यांचे दोन मुलगे, ओडो आणि रॉबर्ट. पुस्तकांत त्यांना विल्यमचे सावत्र भाऊ म्हणतात आणि मराठीतही आपण तेच म्हणून मोकळे होतो. पण आई एक आणि बाप वेगळे, का बाप एक आणि आया वेगळ्या, हे लिहिल्याशिवाय वंशावळ पुरी होत नाही. सहोदर ह्या शब्दाचा मूळ अर्थ एका उदरातले. ओडो आणि रॉबर्ट हे त्या अर्थाने विल्यमचे सहोदर.

ह्याने काय फरक पडतो? सगळा. एका बापाचा भाऊ वाटेकरी असतो. एका आईचा, वेगळ्या बापाचा भाऊ वाटेकरी नसतो. तो विल्यमच्या गादीवर कधीच बसू शकत नव्हता. म्हणून त्यांच्यावर भरवसा टाकणं विल्यमला परवडलं. ओडोला बायोचा बिशप आणि नंतर केंटचा अर्ल केलं, रॉबर्टला कॉर्नवॉलमध्ये प्रचंड जमीन दिली. (ओडोला १०८२ मध्ये त्याने कैदही केलं, पण ती पुढची गोष्ट.)

रेडिंगच्या संग्रहालयात बायोच्या भरतकामाची, म्हणजे विल्यमच्या इंग्लंडवरच्या स्वारीची गोष्ट सांगणाऱ्या भरलेल्या लांब कापडाची, संपूर्ण नक्कल आहे. लीक नावाच्या गावातल्या बायकांनी १८८५-८६ मध्ये ती भरली. मूळ कापड सत्तर मीटरच्या आसपास लांब. दालनाभोवती काचेमागे ती पट्टी फिरत जाते. आम्ही तिच्यात ओडो शोधला. घोड्यावर आहे, हातात सोटा, आणि डोक्यावर लॅटिनमध्ये लिहिलं आहे की बिशप ओडो सोटा धरून पोरांना धीर देतो आहे. नातवाने फोटो काढला आणि घरी आल्यावर सहाव्या रेघेवर विल्यमच्या शेजारी एक छोटा सोटा काढला. मी खोडला नाही.

वाटणी

विल्यम ९ सप्टेंबर १०८७ ला रूआं इथे वारला. त्याला काँ गावच्या मठात पुरायला नेलं तेव्हा अंत्यविधी चालू असताना एसेलिन नावाचा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, ही जागा माझ्या बापाची आहे, ह्या राजाने ती जबरदस्तीने घेतली, इथे पुरायला माझी हरकत आहे. शेजाऱ्यांनी साक्ष दिली. त्याला खड्ड्यापुरत्या जागेचे साठ शिलिंग जागेवर मोजून दिले, बाकीच्या जमिनीचं नंतर बघू म्हणाले, तेव्हा राजा जमिनीत गेला. ही गोष्ट ऑर्डरिक नावाच्या मठवासीयाने लिहून ठेवली आहे. मी ती नातवाला दोनदा सांगितली. ज्या राजाने १०८६ मध्ये जवळजवळ सगळ्या इंग्लंडची मोजणी करून डूम्सडे नावाचं दप्तर तयार करवलं, नांगर, गिरण्या, डुकरंसुद्धा लिहून घेतली, त्याच्या स्वतःच्या साडेतीन हात जागेचा सातबारा कोरा नव्हता.

सातव्या रेघेवर त्याची मुलं. मुली आधी. ह्या मुलींची यादी जुन्या लेखकांत एकमेकांशी जुळत नाही. सेसिलिया, कॉन्स्टन्स आणि अडेला ही नावं पक्की लिहा. पैकी अडेलाच्या खाली भरपूर जागा सोडा. मुलगे चार: रॉबर्ट, रिचर्ड, विल्यम आणि हेन्री. रिचर्ड तरुणपणीच शिकारीत मेला. उरले तीन.

ह्या तिघांत झालेली वाटणी पुस्तकं पानभर समजावतात. मराठीत दोन शब्दांत होते. नॉर्मंडी वडिलोपार्जित, ती थोरल्या रॉबर्टला, बापाशी भांडण असूनही. इंग्लंड स्वकष्टार्जित, कष्ट तलवारीचे, पण मिळवलेलं स्वतःच. ते बापाने मर्जीतल्या विल्यमला दिलं, ज्याला तांबड्या रंगामुळे रूफस म्हणत. धाकट्या हेन्रीला जमीन नाही, पाच हजार पौंड चांदी. हेन्रीने ती वजन करून, एक नाणंही कमी नाही ना बघून ताब्यात घेतली. ज्याला जमीन मिळाली नाही तो एवढा चोख असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवावं, हे मला अनुभवाने माहीत होतं.

इथे एक खाचखळगा. हा रॉबर्ट नॉर्मंडीचा दुसरा रॉबर्ट, कारण पहिला त्याचा आजोबा. आणि बाप विल्यम हा इंग्लंडचा पहिला विल्यम, पण नॉर्मंडीचा दुसरा. दोन मिळकती, दोन खाते क्रमांक. म्हणून निळा पेन इंग्लंडच्या क्रमांकाला, लाल नॉर्मंडीच्या. एकाच चौकोनात दोन्ही रंगांचे आकडे आले तर तो माणूस दोन्हीकडे राज्य करत होता.

१०९६ मध्ये रॉबर्टला धर्मयुद्धाला जायचं होतं, पैसे नव्हते. त्याने नॉर्मंडी भाऊ रूफसकडे दहा हजार मार्कांना गहाण टाकली. तो परतायच्या आधीच, २ ऑगस्ट ११०० ला, रूफस न्यू फॉरेस्टच्या जंगलात शिकार करताना बाण लागून मेला. लग्न नाही, मूल नाही, नावाखाली फुली. हेन्री त्याच जंगलात होता. भावाचं प्रेत तिथेच सोडून तो विंचेस्टरला खजिन्याच्या दारात पोचला. पंचनामा झालाच नाही. बाण वॉल्टर टिरेल नावाच्या माणसाचा होता म्हणतात, आणि तो फ्रान्सला पळून गेला. रॉबर्टला हेन्रीने ११०६ मध्ये तँशब्रेच्या लढाईत पकडलं आणि अठ्ठावीस वर्षं कैदेत ठेवलं. तो कार्डिफच्या किल्ल्यात मेला. त्याचा मुलगा विल्यम क्लिटो ११२८ मध्ये निपुत्रिक गेला. ती फांदी संपली.

सहा मटिल्डा

आता आठवी रेघ, आणि सगळ्यांचा गोंधळ होतो ती जागा. एका गावात सहा लक्ष्मीबाई असल्या तर आपण काय करतो? माहेर आणि ‘कोम’ लिहितो. तसंच करा. पहिली मटिल्डा फ्लँडर्सची, कोम विल्यम. दुसरी स्कॉटलंडची, कोम हेन्री. तिसरी ह्या दोघांची मुलगी. चौथी बूलोनची, कोम स्टीफन. पाचवी आंजूची, कोम विल्यम, म्हणजे हेन्रीच्या मुलाची बायको. सहावी हेन्रीची अनौरस मुलगी, पेर्शच्या सरदाराला दिलेली. एवढं करून ठेवलं की पुढचं सगळं सरळ वाचता येतं.

हेन्रीला अनौरस मुलं वीसपेक्षा जास्त. सगळी काढायला गेलात तर कागद पुरणार नाही. तुटक रेघेने फक्त ग्लॉस्टरचा रॉबर्ट आणि पेर्शची मटिल्डा घ्या, बाकीच्यांचा एक कंस. औरस दोनच, मटिल्डा आणि विल्यम. त्यांची आई, स्कॉटलंडची मटिल्डा, हिच्याकडून इंग्लंडच्या जुन्या राजघराण्याचं रक्त आलं. तिची आई मार्गारेट ही एथेलरेडचा मुलगा एडमंड ह्याची नात. म्हणजे विल्यमला जे नव्हतं ते त्याच्या ह्या नातवंडांना आईकडून मिळालं. निळ्या पेनने एक बारीक बाण इथे येऊ द्या.

२५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री ‘व्हाइट शिप’ नावाचं जहाज बारफ्लर बंदरातून निघालं आणि खडकावर आपटून बुडालं. खलाशांसकट सगळे प्यालेले होते. जहाजावर सुमारे तीनशे माणसं. वाचला एक, रूआंचा खाटीक. राजपुत्र विल्यम सतरा वर्षांचा. त्याला छोट्या होडीत घालून बाजूला काढलं होतं, पण सावत्र बहिणीचा, पेर्शच्या मटिल्डाचा, टाहो ऐकून त्याने होडी मागे वळवली. बुडणारी माणसं होडीत चढली आणि होडीही गेली. सहावी मटिल्डा आणि विल्यम, दोघांपुढे तीच तारीख. नातवाने ती लिहिताना बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली होती.

त्याच जहाजात आणखी एक जण बसणार होता, पण पोट बिघडलं म्हणून उतरला. त्याचं नाव स्टीफन.

आता कझिनचा निकाल लावू. स्टीफनची आई अडेला ही हेन्रीची बहीण. तिच्याखाली जागा सोडायला सांगितली होती ती ह्यासाठी. म्हणजे हेन्री हा स्टीफनचा मामा. स्टीफन मामाकडेच वाढला, मामाने त्याला जमीनजुमला दिला, बूलोनच्या मटिल्डाशी लग्न लावून दिलं. हेन्रीची मुलगी मटिल्डा ही स्टीफनची मामेबहीण आणि तो तिचा आतेभाऊ. एवढ्यावर थांबू नका. बूलोनच्या मटिल्डाची आई मेरी आणि हेन्रीची राणी मटिल्डा ह्या सख्ख्या बहिणी. म्हणजे राज्यासाठी लढलेल्या दोघी, राजकन्या मटिल्डा आणि स्टीफनची बायको मटिल्डा, एकमेकींच्या मावसबहिणी. आणि त्या दोघींचा मामा एकच: स्कॉटलंडचा राजा डेव्हिड. तो एका भाचीसाठी सैन्य घेऊन इंग्लंडवर चालून आला तेव्हा दुसऱ्या भाचीच्या नवऱ्यावर, म्हणजे भाचेजावयावरच, चालून आला.

हे सगळं इंग्रजीत ‘कझिन’ ह्या एका शब्दाखाली झाकलेलं होतं. मी नातवाला प्रत्येक जोडरेघेवर मराठीत नातं लिहायला लावलं. आतेभाऊ. मावसबहीण. मामेसासरा.

एक शब्द मात्र आम्हाला फार उशिरा सुचला. बुडालेल्या विल्यमची बायको आंजूची मटिल्डा. तिचं लग्न १११९ मध्ये झालं होतं. पुढे ११२८ मध्ये हेन्रीने आपली मुलगी, जी तोवर जर्मन सम्राटाची विधवा होऊन परतली होती, ती कुणाला दिली? ह्याच आंजूच्या मटिल्डाचा भाऊ जॉफ्री ह्याला. मुलगी सव्वीस वर्षांची, नवरदेव चौदाचा. बहीण इकडे आली होती, भावाला इकडची मुलगी. हे तर साटंलोटं! मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘बाबा, शाळेत आता ते कसं समजावणार तो?’ समजावलं त्याने. दोन रेघा एकमेकींना छेदून जाणाऱ्या काढल्या.

दिवस मोजा

चौकोन पुरे झाले की प्रत्येक राजाच्या खाली दोन तारखा लिहा: आधीचा कधी मेला आणि ह्याचा राज्याभिषेक कधी झाला. वाटतं त्यापेक्षा हे जास्त बोलतं. विल्यम ९ सप्टेंबर १०८७, रूफसचा अभिषेक २६ सप्टेंबर: सतरा दिवस. रूफस २ ऑगस्ट ११००, हेन्री ५ ऑगस्ट: तीन दिवस. हेन्री १ डिसेंबर ११३५, स्टीफन २२ डिसेंबर: एकवीस दिवस, आणि तेही खाडी ओलांडून. थोरल्याला किंवा नेमलेल्या वारसाला गादी मिळते असा ठाम नियमच तेव्हा नव्हता. खजिना ज्याच्या हाती आणि अभिषेकाचं तेल ज्याच्या माथी तो राजा. अंतर जितकं कमी तितका दावा कच्चा, असा माझा ठोकताळा.

स्टीफनने ११२७ मध्ये मामेबहिणीलाच राणी मानायची शपथ घेतली होती. नुसती घेतली नव्हती, ग्लॉस्टरच्या रॉबर्टच्या आधी मला घेऊ द्या म्हणून हुज्जत घातली होती. आणि हा रॉबर्ट? हेन्रीचा कर्तबगार मुलगा, पण तुटक रेघेचा. १०३५ मध्ये तुटक रेघेचा मुलगा नॉर्मंडीचा धनी होऊ शकला. शंभरेक वर्षांनी तशाच मुलाने बहिणीची बाजू घेण्यात समाधान मानलं. कागदावर दोन्ही तुटक रेघा शेजारी पडतात तेव्हा मधल्या काळात चर्चने लग्नाची किंमत किती वाढवली ते दिसतं.

हेन्री नॉर्मंडीत मेला आणि त्याला कातड्यात गुंडाळून रेडिंगला आणलं, त्याने स्वतः ११२१ मध्ये स्थापलेल्या मठात. मुलीच्या घरापासून बसने वीस मिनिटं. भिंतींचे तासलेले दगड लोकांनी कधीच नेले. आत भरलेले गारगोटीचे गोटे आणि चुना तेवढा उभा आहे, लांबून पडक्या गढीसारखा. थडग्याची नेमकी जागा कुणाला ठाऊक नाही. आम्ही चार्टची गुंडाळी तिथे घेऊन गेलो होतो. वारा सुटला, म्हणून उघडली नाही.

शेवटचं काम, मटिल्डाचा चौकोन. आमची खूण अशी होती की राज्य केलं त्याला चौकोन, नाही केलं त्याला नुसतं नाव. ११४१ मध्ये स्टीफन तिच्या कैदेत होता, तिला ‘इंग्रजांची स्वामिनी’ म्हणत होते, अभिषेकासाठी ती लंडनला पोचलीही. पण लंडनकरांनी तिला हाकलून लावलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात ऑक्सफर्डच्या वेढ्यातून ती पांढरे कपडे घालून बर्फावरून चालत निसटली. अभिषेक कधीच झाला नाही. नातू म्हणाला चौकोन द्यायचा. मी म्हटलं, नाव लागलं नाही तर चौकोन नाही. अर्धा तास वाद झाला. शेवटी तिच्या नावाला तीन बाजू काढल्या, वरची उघडी ठेवली.

नवव्या रेघेवर तिचा मुलगा हेन्री. ११५३ मध्ये स्टीफनचा मुलगा युस्टेस वारल्यावर तह झाला: स्टीफनने मरेपर्यंत राज्य करावं, पुढे हेन्रीने. स्टीफन २५ ऑक्टोबर ११५४ ला गेला आणि हेन्रीचा अभिषेक १९ डिसेंबरला. पंचावन्न दिवस. घाई नव्हती, फेरफार आधीच मंजूर होता. इथे नॉर्मन घराणं बापाच्या बाजूने संपतं आणि पुढचे राजे आंजूच्या जॉफ्रीचे वंशज.

त्या मटिल्डाच्या थडग्यावर लिहिलं होतं की जन्माने थोर, लग्नाने त्याहून थोर, अपत्याने सर्वांत थोर. हेन्रीची मुलगी, हेन्रीची बायको आणि हेन्रीची आई. बाप, पहिला नवरा आणि मुलगा, तिघेही हेन्री. आमच्या कागदावर ते तिघे तिच्या तीन बाजूंना आले.

शेवटचा चौकोन शाईने पक्का करताना नातवाने विचारलं, ह्याच्यापुढे ‘बिन’ काय लिहू? मी म्हटलं, बिन जॉफ्री. तो म्हणाला, पण आजोबा, त्याला लोक फिट्झएम्प्रेस म्हणायचे, सम्राज्ञीचा मुलगा. मी पुस्तक बघितलं. खरंच होतं. त्याने लिहिलं: हेन्री बिन मटिल्डा. एकतीस वर्षांत असा कागद मी एकदाही वर पाठवला नव्हता.